ऊलाँगची आठ ग्रॅमची पुडी: मुंबईत नमुने वाटून चाखायचे कसे

पहिल्यांदा ऊलाँग, म्हणजे हिरव्या आणि काळ्याच्या मधला चहा, घेतला तेव्हा मी सरळ ५० ग्रॅमचं पाकीट घेतलं. कपभर उकळत्या पाण्यात दोन चमचे पाती, वर बशी, पाच मिनिटं, मग गाळणी. आलं ते तुरट, हिरवट पाणी. दोन-तीनदा करून पाहिलं आणि पाकीट स्वयंपाकघरातल्या कपाटात वरच्या फळीवर गेलं. चार महिन्यांनी माटुंग्याला एका स्नेह्यांकडे तोच चहा प्यायले. पाकीटसुद्धा तेच. पण छोट्या वाटीतून पहिला घोट घेतला आणि घरात कुणीतरी सोनचाफा आणून ठेवलाय असं वाटलं. चहात काही फरक नव्हता, फरक होता तो पाण्यात, प्रमाणात आणि वेळेत. घरी येऊन माझं पाकीट उघडलं तर त्याला गोड्या मसाल्याचा वास लागलेला.

तेव्हापासून मी अख्खं पाकीट एकटीसाठी घेत नाही. आम्ही पाच जण मिळून घेतो, पुड्या करतो, वाटतो आणि महिन्यातल्या एका रविवारी एकत्र बसून चाखतो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना निदान माझ्यासारखं पाकीट वाया घालवावं लागू नये, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. आधी भिजलेली पाती नीट बघा

हिरवा, काळा आणि ऊलाँग हे तिन्ही चहा एकाच जातीच्या झाडाचे. फरक पडतो तो पान खुडल्यानंतर. सफरचंद कापून ठेवलं की लालसर पडतं, तसंच चहाचं पान चुरगळलं की हवेने तांबूस होत जातं. हिरव्या चहात ते होण्याआधीच पानाला उष्णता देऊन थांबवतात. काळ्या चहात ते पूर्ण होऊ देतात. ऊलाँगमध्ये मधेच कुठेतरी थांबवतात, आणि हे 'कुठेतरी' फार ऐसपैस आहे. काही ऊलाँग जवळजवळ हिरव्या चहासारखं असतं, काही काळ्या चहाच्या दारापर्यंत पोचलेलं.

कोमेजलेली पानं बांबूच्या सुपांत घोळवतात, त्यामुळे पानाच्या कडा ठेचल्या जातात आणि तिथून तांबूसपणा आत सरकतो. चहा पिऊन झाल्यावर एक भिजलेलं पान पांढऱ्या बशीत ठेवून बोटाने उलगडा. चांगल्या, गोळीसारख्या वळलेल्या ऊलाँगमध्ये देठासकट अख्खं पान निघतं, कधी एकाच देठावर दोन-तीन. मधला भाग हिरवा आणि कडेला बारीक लाल रेघ, साडीच्या काठासारखी. रेघ दिसली नाही म्हणून चहा वाईट ठरत नाही, भट्टीत जास्त भाजलेल्या पानात ती दिसेनाशी होते. पण हे बघायची सवय लागली की पाकिटावरच्या वर्णनापेक्षा पानावर विश्वास बसायला लागतो.

२. चार घराणी ओळखून ठेवा

सगळी नावं पाठ करायची गरज नाही. सुरुवातीला एवढं पुरे:

- आनशी, चीनचा फुजियान प्रांत. इथलं त्येगुआनयिन. हिरवं आणि भाजलेलं अशा दोन्ही रूपांत मिळतं.
- वुई डोंगर, फुजियानच्याच उत्तर भागात. कातळात वाढणाऱ्या झाडांचा, लांबट वळलेला, कोळशावर भाजलेला चहा. दा होंग पाओ इथलंच.
- फेंगहुआंग डोंगर, ग्वांगदोंग प्रांत. दान त्सोंग नावाचे चहा. यांना वासावरून नावं दिलेली असतात: मध-ऑर्किड, गार्डेनिया वगैरे.
- तैवान. अलिशान, लिशान यांसारख्या उंच डोंगरांवरचे चहा, लुगू भागातलं डाँग डिंग, अगदी हलकं बाओझोंग आणि ओरिएंटल ब्युटी. या शेवटच्या चहाची कोवळी पानं तुडतुडे चावतात. त्या चाव्याला झाड जे उत्तर देतं त्यातून मधासारखा वास येतो. म्हणून तिथले शेतकरी त्या बागांत कीटकनाशक मारत नाहीत.

आपल्याकडे दार्जिलिंग आणि निलगिरीतही थोडं ऊलाँग होतं. पहिल्या फेरीत त्यातलं एक जरूर ठेवा. ते सहज मिळतं, आयात शुल्क लागत नाही आणि तुलनेला चांगलं पडतं.

३. सामान जमवा

यादी छोटी आहे:

- ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा
- १०० मिलीची गायवान, म्हणजे झाकणाची चिनी वाटी. नसेल तर चिनीमातीची लहान वाटी आणि वर बसणारी बशी
- गाळून ओतायला काचेचं छोटं भांडं
- पाच-सहा छोटे पांढरे कप
- केटल आणि घड्याळ
- आतून चंदेरी थर असलेले झिपचे पाऊच, चिकटचिठ्ठ्या, न पुसणारं पेन
- वही

काट्यावर कंजुषी करू नका. चमच्याने ऊलाँग मोजता येत नाही. गोळीसारख्या चहाचा एक चमचा आणि लांबट चहाचा एक चमचा यांच्या वजनात दुपटीहून जास्त फरक पडू शकतो. माझा पहिला चहा बिघडला तो याच चमच्यामुळे. काटा आला की वाटीचं मापही काढून घ्या: रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणा, पाणी भरा, जितके ग्रॅम तितके मिली. 'शंभर मिलीची' म्हणून विकलेली वाटी काठोकाठ १३० मिलीची निघते हे मी दोनदा पाहिलं आहे.

पाऊच क्रॉफर्ड मार्केट आणि मशीद बंदरच्या गल्ल्यांत घाऊक मिळतात. जाताना आकार ठरवून जा. तळव्याएवढा पाऊच ८ ग्रॅमला पुरतो. आरपार दिसणारे पाऊच घेऊ नका, उजेडाने चहा लवकर मरगळतो. आणि घरी आणल्यावर एक पाऊच उघडून आतला वास घ्या. प्लास्टिकचा वास येत असेल तर ते परत करा.

४. पुड्या बांधा

५० ग्रॅमच्या पाकिटातून ८ ग्रॅमच्या सहा पुड्या होतात आणि २ ग्रॅम उरतात. पाच पुड्या पाच जणांच्या, सहावी बैठकीची. आठच ग्रॅम का? ५ ग्रॅम छोट्या वाटीत पुन्हा पुन्हा पाणी घालून प्यायला आणि ३ ग्रॅम दुसऱ्या दिवशी मोठ्या कपात एकदाच करून बघायला. एकाच चहाची दोन्ही रूपं दिसल्याशिवाय मत बनवू नये, असं माझं ठाम मत आहे. उरलेले २ ग्रॅम ज्याने बांधायची मेहनत केली त्याचे.

मुंबईत पुड्या बांधायची वेळ निवडावी लागते. जून ते सप्टेंबर उघड्यावर चहा पसरायचाच नाही. पावसाळ्यात एका दुपारी मी खिडकीशी बसून निवांत पुड्या बांधल्या होत्या. तीन आठवड्यांनी त्या चहाचा खुसखुशीतपणा गेलेला, वासही ओल्या पुठ्ठ्यासारखा. पावसाळ्यात एसी लावून, दार लावून, पंधरा मिनिटांत काम उरका. एसी नसेल तर मोठं पाकीट बंदच ठेवा आणि बैठकीच्या दिवशीच उघडा.

कपाट मसाल्याचं नको, कापूर किंवा डांबराच्या गोळ्यांचं नको, साबणाच्या शेजारचं तर नकोच. बांधणाऱ्याने हाताला क्रीम किंवा अत्तर लावलेलं नसावं. हिरवट ऊलाँग फार दिवस ठेवायचं असेल तर हवाबंद करून फ्रिजमध्ये चालतं, पण बाहेर काढल्यावर पाऊच लगेच फोडू नका. आपल्या दमट हवेत गार पानांवर क्षणात दव धरतं. दोन-तीन तास बाहेर ठेवा, मग उघडा.

हवा काढून दाबून बंद करायचं यंत्र कुणाकडे असेल तर ते फक्त गोळीच्या चहाला वापरा. लांबट पानांचा त्यात चुरा होतो आणि चुऱ्याचा चहा कडवट उतरतो.

५. चिठ्ठी लिहा

चिठ्ठीशिवाय पुडी कुणाला देऊ नका आणि घेऊही नका. चिठ्ठीवर एवढं हवं: चहाचं नाव, गाव किंवा डोंगर, हंगाम आणि वर्ष, भाजणी कमी की जास्त, कुठून घेतला, वजन, पुडी बांधल्याची तारीख. यातलं एखादं माहीत नसेल तर ती जागा कोरी ठेवा. अंदाजाने 'वसंत' लिहू नका. समोरचा त्या शब्दावर विसंबून चाखतो आणि पुढे दुसऱ्याला तेच सांगतो.

बैठकीच्या पुडीवर मात्र नाव नको, फक्त क, ख, ग. नाव आणि किंमत कळली की जीभ आपलं ऐकत नाही. आमच्याकडे एकदा सगळ्यांत महागडा चहा शेवटच्या क्रमांकावर आला आणि निलगिरीचं साधं ऊलाँग दुसरं. नावं आधी सांगितली असती तर हे झालंच नसतं.

६. पुड्या पोचवा

आम्ही पाच जण बोरिवली, पार्ले, माटुंगा, मुलुंड आणि ठाण्याला राहतो. पश्चिम आणि मध्य रेल्वे दादरला भेटतात, त्यामुळे देवाणघेवाण तिथल्या पुलावरच होते. गर्दीची वेळ सोडून भेटा. पुडी डब्याच्या पिशवीत टाकू नका. लसणाची चटणी चंदेरी थरालाही दाद देत नाही. झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डब्यात पुड्या घाला, तो डबा पर्समध्ये.

बाहेरगावी पाठवायचं असेल तर स्पीड पोस्ट पुरतं. पाकिटाऐवजी छोटा खोका वापरा, म्हणजे लांबट पानं चेंगरत नाहीत. आत काय आहे ते बाहेर स्पष्ट लिहा: 'चहाचा नमुना, विक्रीसाठी नाही', आणि वजन. परदेशातून मागवताना जपून. चहावरचं मूळ आयात शुल्क १०० टक्के आहे, त्यामुळे स्वस्त दिसलेलं पाकीट घरी येईपर्यंत स्वस्त राहत नाही. मागवण्याआधीच वाढीव खर्च कोण किती उचलणार हे बोलून घ्या.

७. पाणी आधी चाखा

या पायरीकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. चहाच्या कपात नव्व्याण्णव टक्के पाणीच असतं, तरी पाण्याला कुणी विचारत नाही.

मुंबईच्या नळाला भातसा, वैतरणा, तानसा अशा तलावांचं पाणी येतं. ते जड नसतं आणि ऊलाँगला बऱ्यापैकी मानवतं. अडचण दोन ठिकाणी येते. एक, सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर. जड पाण्यात वास दबतो, चहाचा रंग गढूळ होतो आणि वर पातळ तवंग येतो. दोन, घरचा आरओ फिल्टर सगळेच क्षार काढून टाकत असेल तर चहा पोकळ लागतो, मीठ कमी पडलेल्या आमटीसारखा. क्लोरिनचा वास येत असेल तर पाणी रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवा. तांब्याच्या भांड्यातलं पाणी यासाठी नको, त्याची स्वतःची चव असते.

आदल्या दिवशी एक प्रयोग करा. नळाचं, फिल्टरचं आणि बाटलीबंद असं तीन प्रकारचं पाणी उकळून एकाच चहाचे तीन कप बनवा. चमच्यांची गरजही पडणार नाही, नुसत्या वासावरून कळेल. आमच्या बैठकीत यजमान कुणीही असो, पाणी पार्ल्याहून येतं, पाच लिटरच्या कॅनमधून.

८. बैठक मांडा

सकाळी दहाची वेळ उत्तम. संध्याकाळी नको, सहा-सात कप ऊलाँगनंतर रात्री झोप येत नाही. रिकाम्या पोटी येऊ नका असं सगळ्यांना आधीच सांगा, काहींना मळमळतं, चक्कर आल्यासारखं होतं. नाश्ता मात्र सौम्य हवा: मऊ भात, साधी पोळी, उपमा. कांदा, लसूण, लोणचं दुपारपर्यंत थांबू शकतं. त्या खोलीत सकाळपासून उदबत्ती लावू नका आणि स्वयंपाकघरात फोडणी पडू देऊ नका.

एका बैठकीत तीन चहा, फार तर चार. हलक्यापासून गडदकडे जा: बाओझोंग किंवा अलिशान आधी, मग डाँग डिंग, मग दान त्सोंग, वुईचा भाजका चहा सगळ्यांत शेवटी. उलटं केलंत तर पहिल्या चहाची भाजकी चव जिभेवर बसते आणि पुढचे सगळे फिके लागतात.

कृती अशी:

१) गायवान उकळत्या पाण्याने तापवा, पाणी ओतून टाका.
२) गरम वाटीत ५ ग्रॅम कोरडी पाती घाला, झाकण लावून दोनदा हलवा, झाकण किलकिलं करून वास घ्या. सगळ्यांकडे वाटी फिरवा. या एका वासात निम्मा चहा कळतो.
३) पाणी ओता आणि पाच सेकंदांत काढून टाका. गोळी उघडायला लागते.
४) पुन्हा पाणी. लांबट पानांना १० सेकंद, गोळीच्या चहाला २५ ते ३०. सगळं पाणी काचेच्या भांड्यात निथळून घ्या. वाटीत पाणी राहिलं तर पुढचा कप कडू होतो.
५) पुढच्या प्रत्येक वेळी पाच-दहा सेकंद वाढवत जा. चांगलं ऊलाँग सहा-सात पाणी सहज देतं.

पाणी उकळतं हवं. फक्त अगदी हिरवट चहांसाठी केटलचं झाकण मिनिटभर उघडं ठेवा. १०० मिली पाच कपांत वाटलं की प्रत्येकाला दोन-तीन घोट येतात, तेवढेच हवेत.

पिताना भुरका मारा. बशीतून चहा पिणाऱ्या आजोबांसारखा, आवाज करून. चहा परीक्षक धंद्यात हेच करतात, कारण चहाबरोबर हवा आत गेली की वास नाकाच्या मागच्या बाजूने वर चढतो. लाजून शांत प्यायलं तर अर्धी चव हरवते.

तुलनेसाठी दुसरी पद्धत: ३ ग्रॅम, १५० मिली, लांबट पानांना ५ मिनिटं आणि गोळीला ६. तैवानमध्ये चहाच्या स्पर्धा याच मापाने तपासतात. या पद्धतीत चहाला काही लपवता येत नाही. भाजणीचा जळकेपणा, पानातली कोवळीक, सगळं समोर येतं. म्हणून रोज पिण्यासाठी ही पद्धत वापरू नका, पण विकत घेण्याआधी जरूर वापरा.

९. आपल्या शब्दांत लिहा

पहिली दोन पाणी होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, फक्त लिहायचं. यजमानाने सगळ्यांत शेवटी बोलायचं. एकाने 'मला पीच लागतंय' म्हटलं की उरलेल्या चौघांना पीचच लागतं.

आणि पीच कशाला? माझ्या लहानपणी घरात पीच नव्हतं. सुरुवातीला मी पाकिटावरचे शब्द वहीत उतरवत असे, आणि महिन्याने वाचताना त्यातून काहीच आठवत नसे. मग आमच्यातल्या एक काकू वुईचा चहा पिऊन म्हणाल्या, 'मे महिन्यात रत्नागिरीला तापलेल्या कातळावर पहिली सर पडली की असा वास येतो.' त्या चहाच्या चवीला चिनी लोक 'कातळाची लय' म्हणतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. तो चहा मला आजही आठवतो.

आमच्या वहीत जमलेले काही शब्द: कोवळी काकडी, मटाराची सालं, सायीचं दही, सोनचाफा, जाई, तूप कढवताना शेवटी येणारा वास, भाजलेले शेंगदाणे, भाजकं खोबरं, काकवी, भिजवलेल्या मनुका, पिकलेला पेरू, विझलेली चूल. वाईट वासांनाही नावं द्या: ओला पुठ्ठा, जुनं कपाट, कच्ची मेथी, जळका पापड.

एक गोष्ट खास शोधा. घोट गिळल्यावर थोड्या वेळाने घशातून गोडी वर येते. चिनी भाषेत तिला हुई गान म्हणतात. आपल्याला ती समजावून सांगावी लागत नाही: आवळा खाऊन वर पाणी प्यायलं की जे होतं, तेच. चिठ्ठीवर 'आवळा' असं लिहून पुढे ती किती वेळ टिकली ते लिहा. चहाची पारख करायला मला याहून भरवशाची खूण सापडलेली नाही.

१०. फसू नका

'मिल्क ऊलाँग' घेताना पाती हुंगा. तैवानची जिन श्युआन जात आहे, तिला स्वतःचाच हलका सायीचा वास असतो. पण बाजारात त्या नावाने वरून सुगंध चढवलेला चहाही येतो. पाकीट उघडताच खोलीभर खव्यासारखा वास सुटला आणि तिसऱ्या पाण्यात पार गायब झाला, तर तो वरून लावलेला.

'मूळ झाडांचं दा होंग पाओ' कुणी देऊ करत असेल तर पुढे जा. वुईतल्या त्या कड्यावरच्या सहा जुन्या झाडांची खुडणी २००६ पासून बंद आहे. आज मिळतं ते त्यांच्या वंशातल्या झाडांचं किंवा अनेक चहांचं मिश्रण, आणि ते उत्तम असू शकतं, फक्त ते मूळ झाडांचं नसतं. 'माकडांनी खुडलेलं' हेही नुसतं व्यापारी नाव आहे, खुडणारी माणसंच असतात.

११. हिशेब वहीतच ठेवा

१,२०० रुपयांचं पाकीट, पाच जण, प्रत्येकी २४०. बैठकीची पुडी सगळ्यांची मिळून. पाऊच आणि टपालाचा खर्च वेगळा लिहा आणि त्याच दिवशी चुकता करा. वर नफा लावून पुड्या विकायच्या मनात आलं तर तो धंदा झाला, आणि खाद्यपदार्थांच्या धंद्याला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते.

दर महिन्याला पाकीट निवडायची पाळी एकेकाची ठेवा, मतदान नको. मतदानात सगळे ओळखीचाच चहा निवडतात. पहिल्या महिन्यात एक हलकं तैवानी, एक भाजकं डाँग डिंग आणि एक निलगिरी किंवा दार्जिलिंगचं एवढंच घ्या. बैठक उठली की गायवान साबणाने धुवू नका, उकळतं पाणी दोनदा फिरवून पालथी घाला. भिजलेली पाती घरी न्या, फुलझाडाच्या कुंडीत चालते. वहीत तारखेखाली पाणी कुठलं होतं ते लिहायला विसरू नका.